किल्ल्यावर मी होते, मग रानात कोण होतं?

आधीच सांगून टाकते — मी भित्री नाही, आणि भोळी तर त्याहून नाही. आमच्या बिदर-कलबुर्गी पट्ट्यात भानामतीच्या गोष्टींना तोटा नाही. कुणाच्या दोरीवरच्या कपड्यांना आपोआप आग लागते, कुणाच्या पाठीवर बिब्ब्याच्या फुल्या उठतात... मी ऐकून घेते, सांगणाऱ्याला चहा देते आणि आपल्या कामाला लागते. या ग्रुपवरचे अनुभवही दोन वर्षं वाचतेय, आणि राग मानू नका, पण निम्म्यांना मी मनातल्या मनात 'काहीतरीच हं' म्हटलेलं आहे. आता तुम्ही मला म्हणा.

हे भुताचं आहे की कशाचं, मला ठाऊक नाही. हेव्याचं आहे एवढं नक्की, आणि तो हेवा माझा आहे. तो झाकून लिहायला बसले तर सांगण्यासारखं काही राहतच नाही, म्हणून उघडं लिहितेय. नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगणार नाही.

आमचं गाव बसवकल्याण आणि मादन हिप्परग्याच्या मधे, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटून. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि बसमध्ये जे तोंडाला येईल ते. गावापासून दीडेक किलोमीटरवर किल्ला आहे. म्हणजे होता. आता एक दरवाजा, ज्याची दारं कधीच गेलीत, साडेतीन बुरूज, एक बुजलेली विहीर आणि आत सगळी सीताफळाची झाडी. कुणी बहामनी म्हणतं, कुणी त्याच्याही आधीचा. दोन राज्यांच्या हद्दीवर बांधलेला, आणि हद्द अजून तिथंच आहे — वरच्या बुरुजावर गेलं की मोबाइल 'महाराष्ट्रात स्वागत' म्हणतो, चार पावलं मागं आलं की परत कर्नाटक. आमचं सहा एकर रान या किल्ल्याच्या तटाला लागून, अगदी खाली.

घरात आम्ही तिघं. माझे वडील — आम्ही त्यांना अप्पा म्हणतो — आई, आणि मी. मला सगळं गाव अक्का म्हणतं, माझ्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. लग्न झालं होतं, सोलापूरकडं दिलं होतं, दोन वर्षांत परत आले. का आले ते इथं काढत बसत नाही. आले तेव्हा अप्पांचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून मी रानात जायला लागले, ती आजपर्यंत जातेय. पेरणी, फवारणी, माणसं लावणं, मोटर जळाली की उचलून नेणं, आडतीवर जाऊन भांडणं, सगळं मी करते. धाकटा भाऊ संतोष हैदराबादला कंपनीत आहे. त्याची बायको प्रणिता आणि मुलगी स्वरा, सात वर्षांची. ही तिघं वर्षातून एकदा येतात, येळवशीला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-उदगीरच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. थंडीत येते, आणि त्या दिवशी आमच्याकडं गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची खोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पुजायचे, ते पांडव. भाज्या-शेंगा एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर पोटभर खायची आणि येईल त्याला वाढायची. जेवणं झाली की चर शिंपायचा कार्यक्रम. एक जण टोपल्यात भज्जी-उंड्यांचा काला घेऊन पुढं चालतो, उभ्या पिकाभोवती मूठ मूठ टाकत जातो आणि म्हणतो, "ओलगे ओलगे." त्याच्या मागनं दुसरा तांब्यातलं पाणी शिंपडत चालतो आणि म्हणतो, "सालम पोलगे." अर्थ मला विचारू नका, अप्पांनाही येत नाही. नियम एकच — फेरी पुरी होईपर्यंत पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही.

अकरा वर्षं पुढं अप्पा आणि मागं मी.

आता पुढं कोण आणि मागं कोण यात काय एवढं, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण आमच्याकडं टोपलं ज्याच्या हातात तो रानाचा धनी, आणि तांब्यावाला मदतीला. तोंडानं कुणी बोलत नाही, पण शेजारच्या बांधावरून सगळे बघत असतात आणि सगळ्यांना कळतं.

तर ही गोष्ट मागच्या सालच्या येळवशीची. आठ दिवस आधी अप्पा म्हणाले, "यंदा माझ्यानं फेरी व्हायची न्हाई, गुडघे ऐकत न्हाईत." वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगू, मला आनंद झाला. म्हटलं, झालं, आता टोपलं माझ्या हातात. कुणाला बोलले नाही, पण बसवकल्याणला जाऊन नवी साडी घेऊन आले, मोरपंखी इरकल. अकरा वर्षांत येळवशीला नवी साडी घेतली नव्हती.

त्या दिवशी पहाटे तीनला उठून भज्जी घातली. नऊला संतोषची गाडी आली. गाडीतून उतरायच्या आधीच त्यानं काढलं, "अप्पा, यंदा जेवायला वर किल्ल्यातच बसू या का? स्वराला किल्ला बघायचाय. मस्त पिकनिक होईल."

मी भाकरी थापता थापता थांबले. कारण चार वर्षांमागं मीच हे विचारलं होतं. माझी मैत्रीण शोभा आळंदहून यायची होती, म्हटलं हिला किल्ल्यात बसून जेवू घालू. तेव्हा अप्पा मला म्हणाले होते, "येळवशीचं अन्न रानाभाईर नेतेत व्हय? एवढी मोठी झालीस, कळंना तुला?" आता मी वाट बघत होते, संतोषला काय बोलतात.

अप्पा म्हणाले, "जाऊ की. पोरीला बघायचंय तर जाऊ."

बस, एवढंच. घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय.

खोपीतली पूजा उरकली आणि निघालो वर. आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, माझ्या डोक्यावर, टोपलं आईच्या. अप्पांना संतोषनं हाताला धरून हळूहळू चढवलं. त्याच वाटेनं 'चढू नका, पडाल' म्हणून मी तीन वर्षं कानीकपाळी ओरडतेय, माझं कधी ऐकलं नाही. ल्योक हात धरून नेतोय म्हटल्यावर अप्पा हसत हसत चढले. आणि वर गेल्यावर संतोष मोबाइलमध्ये बघून स्वराला किल्ल्याची माहिती द्यायला लागला. मी या किल्ल्यात लहानाची मोठी झाले. कुठल्या बुरुजात मधमाश्या आहेत, कुठल्या भिंतीत साप निघतो, कुठला दगड हलतो, सगळं मला पाठ. स्वरानं दोनदा विचारलं, "पप्पा, राणी कुठं राहायची?" आत्याला काही नाही विचारलं. सात वर्षांच्या पोरीचा काय दोष, पण मला तेसुद्धा लागलं.

लिंबाखाली जेवायला बसलो. प्रणितानं हैदराबादहून डबल का मीठा आणला होता. अप्पांनी दोनदा घेतला आणि म्हणाले, "सूनबाईच्या हाताला चव हाय." तो दुकानातून विकत आणलेला होता, डब्यावर नाव होतं. माझ्या भज्जीला काय म्हणाले? "मीठ जरा फुडं हाय." आई मला डोळ्यांनी गप बस म्हणत होती. मी गपच होते. मला वाटत होतं, होऊ दे लाड. चर शिंपताना बघू.

तीनच्या सुमाराला खाली आलो. ज्वारी छातीला लागत होती, पीक यंदा मनासारखं होतं, आणि ते मी केलं होतं. अप्पा खोपीपाशी टेकले, टोपलं जवळ ओढलं. मी हात धुतले, पदर खोचला आणि पुढं झाले. दोन्ही हात पुढं केले होते मी. अजून आठवलं की हातांची लाज वाटते.

अप्पांनी टोपलं माझ्या हाताशेजारून पलीकडं केलं. "धर संतू. यंदा तू फुडं हो."

संतोषच चपापला. त्याला दोष देणार नाही. म्हणाला, "अप्पा, अक्काला द्या की. मला तर म्हणायचं काय ते बी आठवंना."

"आठवायला काय लागतंय? अक्का मागनं हाय की." मग माझ्याकडं न बघता, "अक्का, तांब्या घे."

शेजारच्या बांधावर दोघीतिघी उभ्या होत्या, बघत होत्या. अकरा वर्षं मी ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही, आणि हा वर्षातून दोन दिवस गाडीतून उतरणार आणि टोपलं घेणार. आयत्या बिळावर नागोबा. सख्ख्या भावाबद्दल असं लिहू नये, पण त्या क्षणी त्याचं काहीतरी वाईट व्हावं असं मला वाटलं. टोपलं हातातून पडावं, ठेच लागावी, काहीतरी.

मी तांब्या उचलला होता, तो बांधावर ठेवला. म्हटलं, "झारा वर राहिला. आणते."

आई म्हणाली, "आगं फेरी होऊ दे, मग जा."

मी ऐकलं नाही. तरातरा वर निघाले. मागं आईनं एकदा हाक मारली, मी वळून बघितलं नाही. माझ्या मनात होतं — घाला आता फेरी. मागनं कोण म्हणतंय बघू. खोळंबू दे सगळे, येऊ दे मला बोलवायला.

झारा खरंच लिंबाखाली राहिला होता. तो घेतला आणि पलीकडच्या बुरुजावर जाऊन बसले, रानाकडं पाठ करून, महाराष्ट्राकडं तोंड करून. किल्ल्यात दुसरं कुणी नव्हतं. शोभाला फोन लावला. ती शिक्षिका आहे, शांत बाई आहे, माझं सगळं ऐकून घेते. तिला मी घरादाराचा उद्धार ऐकवला. बोलता बोलता खालून संतोषचा आवाज आला, जरा लाजत, "ओलगे ओलगे."

मी बोलायची थांबले. शोभा म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, थांब.

मला ऐकायचं होतं, मागनं कुणी काही म्हणत नाही ते. आता संतोष थांबेल, मग अप्पा म्हणतील अक्काला बोलवा. मी मनात तयारीसुद्धा केली होती, किती वेळ येणार नाही म्हणायचं त्याची.

आणि खालून आलं, "सालम पोलगे."

बाईचा आवाज. स्वच्छ.

मी म्हटलं, ही प्रणिता. दुसरं कोण असणार? पाव तास नाही झाला मला जाऊन आणि माझी जागा तिला देऊन मोकळे. म्हणजे पुढची जागा लेकाला आणि मागची सुनेला, मग मी कोण या घरात? शोभाला म्हटलं, "ऐकलंस का गं? कानामागून आली नि तिखट झाली." रडायला येत होतं आणि रागही येत होता.

संतोष परत म्हणाला. ती परत म्हणाली. मी शोभाशी बोलत होते पण कान तिकडंच. आणि हळूहळू मला एक कळायला लागलं... रानाच्या खालच्या अंगाला बोरीपाशी उतार आहे. तिथं पाय घसरतो आणि तांब्यातलं पाणी हिंदकळतं, म्हणून मी दरवर्षी तिथं जरा दम घेते आणि मग म्हणते. अप्पा त्यावर चिडायचेसुद्धा, मागं पडतेस म्हणून. संतोषचा आवाज बोरीच्या बाजूनं आला. मागची थांबली, माझ्याएवढीच, आणि मग म्हणाली. मी म्हटलं, हे हिला कुणी शिकवलं?

तेव्हा मला बसवेना. शोभाला म्हटलं ठेवते, आणि पळत अलीकडच्या तटावर आले.

तटावरून आमचं रान पूर्ण दिसतं. संतोष ज्वारीच्या कडेनं चालला होता, टोपलं कमरेवर. त्याच्या मागं आठ-दहा पावलांवर एक बाई. ज्वारीत तिचं डोकं आणि पाणी टाकताना वर होणारा हात, तेवढंच दिसत होतं. मी खोपीकडं बघितलं. खोपीपाशी अप्पा बसलेले, आई उभी, स्वरा उड्या मारतेय, आणि त्यांच्या पुढं प्रणिता, पिवळ्या ड्रेसमध्ये, मोबाइल वर धरून व्हिडिओ काढत होती.

म्हणजे प्रणिता नव्हती.

मी म्हटलं, शेजारच्या बांधावरची कुणीतरी बोलावून घेतली. मला लाजवायला. मग संतोष वळणावर आला, तिथं ज्वारी संपते आणि हरभरा आहे, घोट्याएवढा. मागची बाईही हरभऱ्यात आली. मोरपंखी साडी. पदर डाव्या बाजूला खोचलेला. मी डावखुरी आहे, पाणी डाव्या हातानं शिंपडते. तीही डाव्या हातानं शिंपडत होती.

मी खाली मान घालून माझ्या अंगावरची साडी बघितली. का बघितली माहीत नाही, ती असणारच होती अंगावर. परत वर बघितलं तर ते दोघं तुरीच्या आड गेले होते. तोंड काही मला दिसलं नाही, शेवटपर्यंत.

तुम्ही विचाराल, भीती वाटली का. वाटली हे खरं. पण त्याच्यापेक्षा राग जास्त होता. ही कोण माझ्या जागी, एवढंच डोक्यात. किल्ल्याच्या दरवाजातून वळसा घालून खाली यायला दहा मिनिटं लागतात, मी पळत आले. वाटेत एकदा पडले, कोपर फुटलं.

आले तर फेरी झालेली. आई भांडी गोळा करत होती. मला बघून कुणी दचकलं नाही, कुणी 'आलीस का' म्हटलं नाही. बांधावरच्या बायका त्यांच्या खोपीकडं निघाल्या होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "बरं झालं बाई, भावाला सांभाळून घेतलंस." संतोष जवळ आला आणि हळूच म्हणाला, "अक्का, तू मागं होतीस म्हणून निभावलं. मला वाटलं तू रुसून जातीस."

मी काही बोलायच्या आत आईचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. "झारा घावला व्हय? आन् परत कवा गेलीस वर? हाक मारली तशी माघारी आलतीस की. आत्ता तर हितं हुतीस."

माझ्या हातात झारा होता. तांब्या बांधावर नव्हता, खोपीत पांडवांपुढं पालथा घातलेला होता. फेरी झाल्यावर मी नेहमी तसाच घालते.

मी म्हटलं, "आत्ताच जाऊन आले." आईनं डोळे बारीक केले, पण आवराआवर होती, विषय तिथंच राहिला.

घरी आल्यावर प्रणिताकडून व्हिडिओ मागून घेतला. साडेचार मिनिटांचा आहे. इथं टाकणार नाही, घरातल्या सगळ्यांचे चेहरे आहेत. आणि टाकून उपयोगही नाही, कारण माझ्या भावजयीनं साडेचार मिनिटं फक्त आपल्या नवऱ्याला धरून ठेवलंय. मागचं कुणी त्यात दिसत नाही. आवाज मात्र आहे. सात वेळा 'सालम पोलगे' आहे आणि तो आवाज माझा आहे. स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये वेगळा वाटतो म्हणतात, म्हणून शोभाला ऐकवला. ती म्हणाली, "तूच की." मग मी तिला त्या दिवशीची फोनची वेळ दाखवली. तीन वाजून बारा मिनिटांपासून तीन बावीसपर्यंत मी तिच्याशी बोलत होते. व्हिडिओ तीन एकोणीसचा. शोभानं फोन हातात घेऊन वेळ दोनदा ताडून बघितली. फक्त म्हणाली, "फोनवर तू भावाला शिव्या देत होतीस, तेवढं मी शपथेवर सांगेन."

पण खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही. ती त्याच दिवशी संध्याकाळी कळली.

मी आणि आई परसात भांडी घासत होतो. आई मधेच म्हणाली, "आता तरी शांत झालीस न्हवं? अप्पांनी चारचौघात बोलून दाखिवलं."

"काय बोलून दाखवलं?"

"असं काय करायलीस? तुझ्याच डोस्क्यावर हात ठिवला न्हाई का."

मी म्हटलं, "मला नीट ऐकू आलं नाही. सांग की."

आईनं सांगितलं. फेरी झाल्यावर मी अप्पांपुढं वाकले. अप्पांनी, ज्यांनी मला कळायला लागल्यापासून कधी जवळ घेतलं नाही, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. आणि सगळ्यांच्या देखत, शेजारणींच्या देखत म्हणाले, "रान तुझंच हाय अक्का. त्याच्या हातात म्या नुसतं टोपलं दिलंय. त्यो चार दिसाचा पावना हाय."

माझ्या हातातलं पातेलं खाली राहिलं. अकरा वर्षं मी याच एका वाक्यासाठी राबले होते. रान कागदावर कुणाच्या नावावर होईल ते होईल, मला ते अप्पांच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि ते बोलले तेव्हा मी तटावरून पळत येत होते, कोपर फोडून घेत होते.

"मग मी काय म्हटलं?" मी विचारलं.

"काय बी न्हाई. नुसती हसलीस. मला बी नवल वाटलं, तू आन् अप्पांपुढं गप?"

मी उठून तशीच, राखेच्या हातांनी, अप्पांकडं गेले. ते ओसरीवर पान लावत बसले होते. म्हटलं, "अप्पा, दुपारी मला काय म्हणालात?"

"कामून?"

"परत एकदा म्हणा की."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "एकदा बोललो न्हवं? किती येळा वदवून घेतीस?" आणि पानाला चुना लावायला लागले. अप्पांचं असंच आहे. एक गोष्ट दोनदा बोलायची म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो.

त्यानंतर मी डोकं खूप चालवलं. ऊन लागलं असेल आणि मीच खाली येऊन फेरी करून परत वर गेले असेन, हे विसरले असेन? मग फोनवर शोभाशी कोण बोललं? घरच्यांनी माझी गंमत केली? अप्पा आणि गंमत, आमच्या गावात कुणी विश्वास ठेवणार नाही. किल्ल्यात आवाज घुमतो म्हणावं, तर घुमणारा आवाज तांब्या उचलत नाही. अप्पांनी एकट्यानं बघितलं असतं तर मोतीबिंदू म्हटलं असतं, पण आई, संतोष, प्रणिता, स्वरा, शेजारच्या बायका, सगळ्यांनी मलाच बघितलं. स्वरा तर म्हणते, "आत्या, तू माझ्या गालावर पाणी उडवलंस." मी कुणालाच खरं सांगितलं नाही. शोभा सोडून आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतेय.

कारण यंदाची येळवस होऊन आता पंधरा दिवस झाले, आणि यंदा जे झालं त्यानं माझी झोप गेली आहे.

यंदाही संतोष आला. जेवणं झाली. अप्पांनी टोपलं ओढलं आणि कुणाकडं न बघता माझ्यापुढं धरलं. "घे अक्का. फुडं हो." मग संतोषला, "तू तांब्या घे."

मला वाटलं होतं, हे झालं की मला रडू कोसळेल. पण मी विचारलं, "अप्पा, मला कामून? मागच्या साली तर संतूला दिलं."

अप्पा हसले. क्वचित हसतात. म्हणाले, "मागल्या साली तुझं तोंड बघितलं हुतं म्या. वाटलं, ही आता रान सोडून जातीया. पर तू गुमान तांब्या उचललास. मनावर दगड ठिवून भावाच्या मागनं गेलीस, एका शब्दानं बोलली न्हाईस. तवाच ठरिवलं, टोपलं हिलाच."

मी टोपलं धरून उभी होते. म्हणायचं होतं, अप्पा, मी नाही गेले. मी वर बसून तुम्हाला सगळ्यांना शिव्या देत होते. जी गुमान गेली, ती दुसरीच कोण होती. ओठावर आलं होतं. पण टोपलं हातात होतं, आणि शेजारच्या बांधावरून बायका बघत होत्या. मी नाही बोलले.

फेरी मारली. संतोष मागनं पाणी टाकत होता, चुकतमाकत म्हणत होता. मागं वळून बघितलं नाही. फेरी पुरी झाल्यावर अप्पांपुढं वाकले, आणि वाकलेलीच राहिले जरा. अप्पांनी हात उचलला नाही. म्हणाले, "चला, आवरा आता, ऊन उतरलं."

तर रान माझं झालं. गावातही सगळ्यांना कळलं. ती कोण होती ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला असला अनुभव असेल तर लिहा, पण ओवाळून टाका, नारळ फोडा असलं सांगू नका, मला तिची भीती वाटत नाही. अप्पांचा हात तिच्या डोक्यावर होता, माझ्या नाही. ते वाक्य तिनं ऐकलं, मी नाही. संतोषचा हेवा कधीच गेला माझा. आता तिचा वाटतो.